जुनं रोटाव्हेटर नव्यापेक्षा महाग कसं पडलं? (ऑनलाइन लिलावातली फजिती)

बोरीकाठचा
मंडळी, हा फजितीचा धागा आहे. हसायचं तर हसा, पण शेवटी प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर द्या.

आमचं वावर पारोळा तालुक्यात. उडीद-मूग निघालेल्या वावरात दादर (रब्बीची ज्वारी) पेरायची होती. यंदा पावसाने दम काढला, वापसा (मशागतीजोगी ओल) उशिरा आला आणि आला तो सगळ्या गावाला एकाच आठवड्यात आला. भाड्याचं रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे लावून माती भुसभुशीत करायचं अवजार) मिळेना. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, "परवा या." पेरणीला परवा चालत नाही. म्हटलं, स्वतःचंच घेऊ.

फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर आणि अवजारं विकणारं एक लिलावाचं ॲप आहे. नाव घेत नाही, चूक माझीच जास्त आहे. त्यावर सहा फुटी रोटाव्हेटर दिसलं, दोन हंगाम वापरलेलं, रंग झकास. बोलीची सुरुवात ४०,०००. अनामत १०,००० भरली आणि बसलो.

चुलतभावाने गेल्या वर्षी डिट्टो असंच नवं घेतलं, बिल १,१२,०००. तो आकडा डोक्यात पक्का बसलेला. म्हणजे ८० पर्यंत गेलं तरी ३२ हजार वाचले.

लिलाव रात्री ९ ला संपणार होता. ८:५० ला मी ६१,००० वर होतो आणि समोर ताटात शेवभाजी. ८:५८ ला कोणीतरी ६२ केले. मी ६३. की लगेच घड्याळ पाच मिनिटं पुढे. त्याने ६४. पुन्हा पाच मिनिटं. असे साडेनऊ वाजले, ७५ नंतर पाचपाचशेने चढायला लागलो. भाजीवर तरीची साय धरली. बायको म्हणाली, "तुम्ही रोटाव्हेटर ली ऱ्हायनात का भांडण करी ऱ्हायनात?" शेवटी ८४,५०० ला माझ्या नावावर पडलं. मी "जिंकलो!" म्हणून ओरडलो, पोरगी दचकून उठली.

आता पुढचं ऐका. बोली ८४,५००. त्यावर ४ टक्के सेवाशुल्क ३,३८०. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ६०८. यार्डाचं भाडं १,५००. नाशिककडच्या यार्डातून छोटा हत्ती (टेम्पो) करून आणलं, ७,५००. घरी आणून खाली वाकून बघितलं तर निम्मी पाती झिजून विळ्यासारखी झालेली. पाती, एक बेअरिंग, ऑइल सील, गिअर ऑइल, मिस्त्रीची मजुरी मिळून ९,८००. बेरीज १,०७,२८८.

पात्यांचे नटबोल्ट आणायला ज्या दुकानात गेलो तिथे दारातच नवं कोरं उभं. सहा फुटी, तीच कंपनी. सहज विचारलं, कितीला? म्हणे १,०५,०००. वॉरंटीसकट, घरपोच.

माझ्या चुलतभावाचं बिल खोटं नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. मग हे झालं कसं? आणि हे माझ्याच बाबतीत होतं की सगळ्यांच्या?

भुसावळ_यार्ड
भाऊ, निम्मं उत्तर तुमच्या धाग्यातच आहे. गेल्या वर्षीचं बिल! २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १,१२,००० म्हणजे १ लाख अधिक १२ हजार कर. आता त्याच १ लाखावर ५ हजार. झाले १,०५,०००. दुकानदाराने इमानदारीने कमी केले, तुम्ही मात्र जुन्या कराचा आकडा धरून बोली लावत बसले.

बोरीकाठचा
अरे देवा. पेपरात वाचलं होतं हो. पण ते वाचलेलं आणि हे बोलीचं, दोन्ही डोक्याच्या वेगवेगळ्या कप्प्यात.

कळण्याची_भाकरी
महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला होता का? अनुदान नव्यावरच मिळतं आणि तेही पूर्वसंमती आल्यावर खरेदी केली तर. लिलावातल्या जुन्याला एक रुपयाही नाही. ते धरलं तर तुमचा तोटा २,२८८ चा नाही, फार मोठा आहे. (जखमेवर मीठ चोळल्याबद्दल माफी.)

बोरीकाठचा
अर्ज नाही केला. वापसा पूर्वसंमतीसाठी थांबतो का?

केळीचा_घड
रावेरकडचा माणूस आहे, लिलाव लहानपणापासून बघतोय. बऱ्हाणपूरच्या केळीच्या लिलावात उभं राहून बघा एकदा. बोली बोलणारा व्यापारी दिल्लीकडे माल काय भावाने जाईल, गाडीभाडं किती, वाटेत किती काळी पडेल, सगळं मनात मांडून मगच तोंड उघडतो. त्याला थांबायचा आकडा आधी ठाऊक असतो. तो आकडा आला की समोर सख्खा भाऊ असला तरी गप्प. कारण उद्या पुन्हा तिथेच उभं राहायचंय, परवाही.

तुम्ही आयुष्यात एकदा रोटाव्हेटर घेणारे. त्यात समोरचा दिसत नाही. आमच्याकडे समोरच्याच्या तोंडावरून कळतं की गडी आता सुटायला आलाय. मोबाईलमध्ये काय कळणार, नुसता आकडा उडी मारतो.

बैलबाजारात तर रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, आजही काही जण करतात. तिसऱ्याला भाव कळत नाही. त्या पद्धतीत लबाडी भरपूर, पण चारचौघांत चढाओढ करून नाक वर ठेवायची भानगड नाही.

धुळ्याचे_मास्तर
अर्थशास्त्र शिकवतो (निवृत्तीला दोन वर्षं), म्हणून राहवत नाही. बोरीकाठच्यांनी विचारलंय, माझ्याच बाबतीत की सगळ्यांच्या? यावर नीट अभ्यास झालाय. उल्रिके मालमेंडियर आणि यंग हान ली या दोघांचा निबंध २०११ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत आला. त्यांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरचा एकच खेळ धरला, कॅशफ्लो १०१ नावाचा, पैशांचे व्यवहार शिकवणारा पटावरचा खेळ. गंमत अशी की तोच खेळ त्याच साइटवर त्याच वेळी ठरलेल्या किमतीला, १२९.९५ डॉलरला, विक्रीला होता. बटण दाबा आणि घ्या. तरी ४२ टक्के लिलावांत शेवटची बोली त्या किमतीच्या वर गेली.

आता खरी मेख पुढे आहे. जास्त बोली लावणारे लोक किती होते? बोली लावणाऱ्यांपैकी जेमतेम १७ टक्के. म्हणजे बहुतेक लोक शहाणे. तरी इतके लिलाव वर कसे गेले? कारण लिलाव शहाण्यांना विचारतच नाही. शंभर लोकांनी मंगळवारच्या बाजारात वांगी घेतली आणि त्यातल्या एकाने दुप्पट भाव दिला, तर नुकसान त्या एकाचं, बाजारभाव जागच्या जागी. पण तीच वांगी लिलावात काढा. नव्व्याण्णव शहाणे गप्प बसतात आणि माल नेमका त्या एकाच्या टोपलीत पडतो. सगळ्यांत जास्त चुकलेला माणूस शोधून काढायचं लिलाव हे यंत्र आहे.

एक दुरुस्ती मीच करतो. एकटा चुकलेला पुरत नाही, दोन लागतात. एकटे बोरीकाठचे असते तर ६१,००० ला सुटले असते.

आरएक्सवाला_जळगाव
मास्तर, तुमचं खरं, पण नव्यापेक्षा जास्त पैसे देणारा प्रत्येक जण चुकलेला असतो असं नाही हं. आमची यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल बघा. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. आज चांगल्या कंडिशनची, कागद साफ असलेली, एमएच १९ ची गाडी निघाली तर लाखाच्या वर बोलणारे उभे असतात. मूळ बिल दाखवून हसतात लोक. पण ९८ सीसीची ती टू-स्ट्रोक नवी कुठे मिळते सांगा? नव्याचा भावच नाही तर महाग कशाच्या तुलनेत म्हणायचं?

शिवाय वडिलांच्या गाडीचा आवाज ओळखून आई दार उघडायची, त्याचे वेगळे पैसे लागतात.

धुळ्याचे_मास्तर
मान्य. बनायचं बंद झालेली वस्तू आणि दुकानात उभी असलेली वस्तू, या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. रोटाव्हेटरच्या आवाजाने कोणी दार उघडत नाही.

आरएक्सवाला_जळगाव
आमच्या गल्लीत बंद करतात 😄

सराफ_बाजार
एक वेगळं निरीक्षण. जळगावात पिढ्यान् पिढ्या आमचं दुकान. जुनी अंगठी नव्या अंगठीपेक्षा महाग विकली गेली असं मी कधी पाहिलं नाही. का? सकाळी भाव लागतो, तो गिऱ्हाइकाला मोबाईलवर आमच्याही आधी कळतो. नवा दागिना म्हणजे भाव अधिक मजुरी अधिक ३ टक्के जीएसटी. जुना मोडायला आणला की टंच (सोन्याची शुद्धता) बघायचा, घट धरायची आणि वजनाचे पैसे मोजायचे. मजुरी गेली ती गेली. गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी कुणी डोळे झाकून बोलत नाही, कारण नव्याचा आकडा भिंतीवर लिहिलेला आहे.

तुमच्या ॲपवर नव्या रोटाव्हेटरचा आजचा भाव शेजारी लिहिलेला असता तर ८४,५०० पर्यंत गेले असते का?

बोरीकाठचा
८४ वर बहुधा गेलोच नसतो. पण काका, मास्तरांच्या त्या खेळात तर नव्याची किंमत त्याच साइटवर होती ना? तरी लोक गेलेच.

धुळ्याचे_मास्तर
शाब्बास. नेमका प्रश्न. किंमत तिथे होती, पण बोलीत गुंतलेला माणूस पुन्हा तिकडे बघतच नाही. सुरुवातीला बघितलेलं असतं की लिलावात स्वस्त आहे, तेवढ्यावर तो निर्धास्त. तुम्हीही ६१,००० ला निर्धास्तच होतात. सोन्याचं तसं नाही, तिथे दुकानदारच पाटीकडे बोट दाखवतो.

नंदुरबारची_मिरची
ताईंचं कोणी ऐकणार असेल तर बोलते. माझ्या जावेने ऑनलाइन "अँटिक" म्हणून पितळी घंगाळ घेतलं, बोली लावून. तसलंच घंगाळ आमच्या इथे भांड्यांच्या दुकानात नवं, वजनावर मिळतं. आणि मोडीच्या भावात तर विचारूच नका. त्या वेबसाइटवाल्याने काळपट डाग ठेवून फोटो काढलेला, म्हणून ते जुनं, म्हणून ते भारी! तिने घरी आणून पहिलं काम काय केलं? चिंच लावून लख्ख घासलं. गेलं अँटिक.

आणि नाण्या-नोटांच्या जाहिराती येतात ना, अमुक नंबरची नोट, तमुक चित्राचं नाणं, लाखाला जाईल, फक्त आधी शुल्क भरा? त्यात पडू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्वतः सांगितलं होतं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुठलं शुल्कही मागत नाही. आमच्या ओळखीतले एक आजोबा "प्रोसेसिंग"चे पैसे भरून बसले.

तापीकाठ
मला वेगळाच संशय आहे. समोरून बोली लावणारा माणूस होता तरी का? ८:५८ ला बरोबर कसा आला? कंपनीचाच कोणी बसवलेला असणार. भाव चढवायला आपलेच चार माणसं उभी करायची ही जुनी कला आहे, बैलबाजारापासूनची.

बोरीकाठचा
मलाही रात्री झोपताना हेच वाटलं. पण पुरावा काय?

भुसावळ_यार्ड
खोट्या बोल्या असतात, नाही म्हणत नाही. पण शेवटच्या दोन मिनिटांत बोली येणं हा त्याचा पुरावा नाही, सगळेच तेव्हा येतात.

मी भंगाराचे ई-लिलाव जवळून बघितलेत. रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या रेल्वेच्याच पोर्टलवर विकतात. तिथले व्यापारी बघा. आधी डेपोत जाऊन ढिगारा बघणार, चुंबक लावणार, जालन्याच्या पोलाद भट्ट्यांचा त्या दिवसाचा भाव विचारणार, ट्रक किती लागतील ते मोजणार. "जसं आहे, जिथे आहे" या अटीचा अर्थ त्यांना पाठ असतो: नंतर रडायचं नाही. तुम्ही यार्डात गेला होतात का?

बोरीकाठचा
नाही. नाशिकला जायचे-यायचे पैसे वाचवले.

भुसावळ_यार्ड
😶

धुळ्याचे_मास्तर
वेळ पुढे सरकण्याबद्दल. ॲल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनचे तेव्हाचे लिलाव शेजारी ठेवून बघितले. ईबेवर वेळ संपली की संपली, म्हणून लोक शेवटच्या सेकंदापर्यंत दबा धरून बसत. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ वाढे, तिथे दबा धरणारे कमी निघाले. कागदावर वाढीव वेळ चांगली: सगळ्यांना विचार करायला फुरसत. पण आपल्या ॲपवर त्या पाच मिनिटांत विचार कोण करतं? शेवभाजी निवते आणि ईर्ष्या तापते.

उपाय जुना आहे. विल्यम विकरी नावाच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये दाखवलं की बंद पाकिटात प्रत्येकाने आपला वरचा आकडा लिहावा, सगळ्यांत जास्तवाला जिंकेल, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याचे देईल. मग आपला खरा आकडा लिहिण्यातच शहाणपण उरतं. १९९६ ला नोबेल जाहीर झालं आणि बिचारा तीनच दिवसांत वारला. तुमच्या ॲपवर "ऑटो बोली" (तुमच्या कमाल आकड्यापर्यंत ॲपच बोली वाढवतं) असेल तर ती याचीच चुलत बहीण. दुपारी, पोट भरलेलं असताना, कमाल आकडा टाकायचा आणि मोबाईल बायकोकडे द्यायचा.

नंदुरबारची_मिरची
शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं.

शिरपूरकर
राम राम मंडळी. चार दिवस हा धागा वाचतोय, बोलू की नको असं चाललं होतं. तापीकाठ भाऊ, मी खराखुरा माणूस आहे. नाशिकचं यार्ड, सहा फुटी, निळा रंग, डाव्या बाजूला पोचा, बरोबर? ८४,००० ची बोली माझी.

बोरीकाठचा
😳 डाव्या बाजूचा पोचा मी धाग्यात लिहिलेलाच नाही!

तापीकाठ
माफी असावी भाऊ.

शिरपूरकर
अहो माफी कसली. माझंही ऐका. माझा आकडा ७० चा होता. ७० झाले, तुम्ही सुटेनात. मला वाटलं, समोरचा एवढा चिकटून बसलाय म्हणजे यार्डात जाऊन, खाली वाकून, पाती मोजून आलेला आहे. आतला माल चांगला असणार. म्हणून मी पुढे गेलो.

बोरीकाठचा
मला तर वाटलं तुम्ही बघून आलात!! म्हणून मी थांबलो नाही!

केळीचा_घड
दोघंही डोळे मिटून एकमेकांचा हात धरून नदीत 😂

धुळ्याचे_मास्तर
हे मी वर्गात सांगणार, नावं न घेता. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या जागा लिलावात घेणाऱ्या कंपन्यांबद्दल केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हेच लिहिलं. खाली तेल किती हे कोणालाच नक्की माहीत नाही, प्रत्येकाचा अंदाज वेगळा. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला तोच जिंकतो. तेव्हा जिंकलो हे कळताच पहिली शंका स्वतःच्या अंदाजावर घ्यायची. "विजेत्याचा शाप" म्हणतात त्याला. फरक एवढाच की त्या कंपन्यांनी निदान जमीन तपासली होती.

वांग्याचं_भरीत
हरलेल्याने पुढे काय केलं ते सांगा ना.

शिरपूरकर
हरल्यावर रात्रभर झोप नाही. सकाळी रागातच दुकानात गेलो आणि नवं घेतलं. घासाघीस करून १,०४,००० ला. तिथेच कळलं की कर कमी झालाय. तेव्हा खरं तर बोरीकाठच्यांचे आभारच मानायला हवेत, त्यांनी ५०० जास्त बोलून मला वाचवलं.

बोरीकाठचा
कुठे फेडाल हे पाप 🙏 भरीत-पुरीची पार्टी तुमच्याकडून. वांगी मी आणतो, बामणोदची.

शिरपूरकर
पक्कं. पण एक विचारायचं राहिलं. त्या लॉटच्या फोटोत पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा दांडा) दिसत नव्हता. मी ८४ वर थांबलो ते त्याच्याचमुळे. म्हटलं, नसला तर तो वेगळा घ्यावा लागेल. मिळाला का बरोबर?

बोरीकाठचा
नाही मिळाला. चुलतभावाचा लावून पेरणी काढली. काल संध्याकाळी तो परत मागायला आला होता.